पोपटरावांची कावीळ

वडगाव रासाईच्या पोपटराव शेलारांना कावीळ झाली, आणि ती झाल्यावर घरात कुणी काही बोललं नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

सुरुवात खाजेनं झाली. आधी तळहात, तळपाय, मग सगळं अंग. पोपटराव साठी ओलांडलेले. पाटसच्या साखर कारखान्यावर फिटर म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेले. आता घरचा ऊस आणि गोठ्यातल्या गाई बघायचे. उसाच्या पाचटानं अंग खाजतं हे काही त्यांना नवं नव्हतं. खोबरेल चोळलं, कडुनिंबाचा पाला टाकून अंघोळ केली, पण खाज हटेना. जेवण तुटलं. भाकरीचा वास आला तरी पोटात ढवळायला लागलं. लघवी कोऱ्या चहासारखी आणि शौचाला मात्र पांढऱ्या मातीसारखं. हे कुणाला सांगायचं म्हणजे लाज, म्हणून त्यांनी ते स्वतःपाशीच ठेवलं. मग एका सकाळी गावातल्या ईश्वर न्हाव्यानं त्यांची दाढी करता करता वस्तरा थांबवला, त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि हळूच म्हणाला, "तात्या, डोळं हळदीवानी दिसत्यात की."

पोपटराव तसेच घरी आले. झुंबरबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडं एकदा पाहिलं, आणि परत तव्यावरच्या भाकरीकडं वळल्या. भाकरी करपेपर्यंत उलटायचं त्यांना सुचलं नाही.

त्या का बोलल्या नाहीत, हे पोपटरावांना न सांगता कळलं. चांगल्या धडधाकट गड्याला कावीळ झाली की आपल्याकडं पहिला संशय बाटलीवर जातो. आणि पोपटरावांच्या बाबतीत तो जायला जागाही होती. कारखान्यावर असताना ते प्यायचे. पाळी सुटली की थेट घरी यायचे दिवस कमी, न यायचे जास्त. लेक वैष्णवी शाळेत होती तेव्हा झुंबरबाई तिला घेऊन दौंडला भावाकडं निघून गेल्या आणि वर्षभर परत आल्या नाहीत. पोपटराव न्यायला गेले, तर मेव्हण्यानं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. लोक येत-जात होते आणि पोपटराव दिवस कलेपर्यंत दारासमोर उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी दारूला शिवलं नव्हतं. वैष्णवी मोठी झाली, शिकली, शिरूरच्या वीज कार्यालयात लागली, तिथंच तिचं लग्न झालं. इतकी वर्षं सरली. पोपटरावांना वाटायचं, ती गोष्ट आता मिटली.

ती मिटली नव्हती. धुण्याला टाकलेला सदरा झुंबरबाई बादलीत बुडवण्याआधी नाकाशी नेतात, हे त्यांनी गोठ्यातून पाहिलं. एकदा त्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत हात घालून काहीतरी चाचपत होत्या. पोपटराव लांबूनच मागे फिरले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते एवढंच म्हणाले, "मी घेतली न्हाई."

"मी कुठं काय म्हनले?" झुंबरबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चुलतभाऊ गेणबा मदतीला धावून आला. पलीकडच्या वाडीवर काविळीचं औषध देणारा एक म्हातारा होता. त्यानं ताकात कसलीशी मुळी उगाळून दिली आणि काड्यांची एक माळ डोक्यावर ठेवली. जसजशी माळ वाढत खाली उतरेल तसतशी कावीळ उतरेल, असं सांगितलं. माळ कानावर आली, गळ्यात आली, पार छातीवर लोंबायला लागली. कावीळ होती तिथंच. उलट आता कातडीवरही पिवळी झाक आली, आणि पोपटरावांच्या विजारीची नाडी दर दोन-चार दिवसांनी आणखी आवळावी लागायला लागली.

वैष्णवी सुट्टीच्या दिवशी आली, तिनं बापाला बघितलं आणि कुणाचं काही ऐकून न घेता दोघांना गाडीत घालून शिरूरला नेलं.

शिरूरचे डॉक्टर मध्यम वयाचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं, लाजेनं दडवून ठेवलेलं सगळं एकेक करून काढून घेतलं. मग विचारलं, "दारू?"

"होती," पोपटराव म्हणाले. "सोडली. लई वर्सं झाली."

डॉक्टरांनी मान हलवून ते लिहून घेतलं. झुंबरबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिल्या. पोपटरावांना वाटलं, हिनं नुसतं 'व्हय' म्हणलं असतं तरी चाललं असतं.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून समजावलं. यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, पित्त तयार होतं, ते एका नळीतून आतड्यात उतरतं. ती नळी फुगली आहे. म्हणजे खाली कुठंतरी वाट अडली आहे आणि पित्त मागं फिरून रक्तात मिसळतंय. डोळे पिवळे, खाज, लघवीचा रंग, सगळं त्यापायी. पण अडलंय कशानं, हे सोनोग्राफीत दिसत नव्हतं. नेमक्या त्या जागेवर आतड्यातला गॅस आडवा आला होता.

"कशानं अडू शकतं?" वैष्णवीनं विचारलं.

डॉक्टरांनी पोपटरावांकडं पाहिलं. पोपटरावच म्हणाले, "सांगा. माझ्यासमूरच सांगा."

खडा असू शकतो, डॉक्टर म्हणाले. नळी आतून आकसलेली असू शकते. किंवा स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ असू शकते. पोट फारसं न दुखता कावीळ वाढत जाते आणि वजन घटतं, तेव्हा त्या गाठीचाही विचार करावाच लागतो. आधी एमआरसीपी करून घ्या. एमआरआयचाच प्रकार आहे. सुई टोचायची नाही, घशातून दुर्बीण घालायची नाही. चुंबकाच्या जोरावर नळीतल्या पित्ताचा फोटो निघतो, आणि वाट कुठं आणि कशानं बंद झाली ते कळतं. तोवर थंडी वाजून ताप आला, तर उद्याची वाट न बघता निघून या.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला तो घर येईपर्यंत काढला नाही. पोपटराव काचेतून बाहेरचा ऊस बघत होते. मरणाची भीती होतीच. पण त्याहून एक विचित्र विचार त्यांना छळत होता. आपण गेलो तर ही सगळ्यांना काय सांगेल? दारूनं गेले, असंच मनात धरून ही उरलेलं आयुष्य काढेल.

एमआरआयची सगळ्यात जवळची तारीख मिळाली दौंडच्या एका नव्या सेंटरवर. दौंड म्हणजे झुंबरबाईंचं माहेर. भाऊ तिथंच राहायचा. वैष्णवी म्हणाली, मामाला फोन करू का, तो येईल सोबतीला. झुंबरबाईंनी नको म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. पोपटरावांना कळलं. पुन्हा एकदा भावासमोर मान खाली घालून उभं राहायची तिची तयारी नव्हती.

सेंटरवर राजनंदिनी नावाची एक तरतरीत मुलगी मशीन चालवायची. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, हे तिनं आधी विचारून घेतलं. मग हृदयात बॅटरी बसवलीय का, हाडात रॉड आहे का, अंगात कुठं धातू राहिलाय का, असे एकामागून एक प्रश्न. पोपटराव नाही नाही म्हणत गेले. शेवटी तिनं विचारलं, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, आजोबा?"

पोपटराव थांबले. "गेलता. ग्राइंडर मारताना. डॉक्टरनं काढला तवाच."

"सगळा निघाला होता?"

आता हे कोण सांगणार? त्या दिवशी चष्मा न घालता ग्राइंडिंगला बसलो होतो, डॉक्टरांनी एक कण काढून कापसावर दाखवला होता, एवढंच त्यांना आठवत होतं. अजून एखादा राहिला असेल तर? राजनंदिनीनं हातातला पेन खाली ठेवला. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू, म्हणाली. चुंबक फार ताकदीचं आहे, कण असला तर आतल्या आत हलेल आणि नजर जाईल. पोपटराव वैतागले. उपाशी पोटी, खाजेनं हैराण, त्यात हे नवं झेंगट. नसेल करायचं तर घरी जातो, इथवर ते बोलून गेले. वैष्णवीनं त्यांच्या दंडाला धरून एक्स-रेला नेलं. तो स्वच्छ आला. मग राजनंदिनीनं अननसाच्या रसाचा पेला हातात दिला. पोपटरावांना वाटलं, राग जावा म्हणून देतीय की काय. ती हसून म्हणाली, हाही तपासणीचाच भाग आहे. या रसानं जठरातलं पाणी फोटोत मधे मधे येत नाही, नळी साफ दिसते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी त्यांच्या घशाखाली गोड लागून गेलं.

पण मशीनच्या तोंडाशी झोपवलं, पोटावर पट्टा बांधला, फळी आत सरकायला लागली, आणि पोपटरावांना घाम फुटला.

कारखान्यात रस आटवायच्या मोठमोठ्या लोखंडी भांड्यांत ते उमेदीच्या काळात कितीदा तरी उतरले होते. गाळप थांबलं की त्यांच्या नळ्यांत साचलेला थर खरवडून काढायचं काम असायचं. एकदा आत असताना दिवा गेला. बाहेरच्याला हाक ऐकू जाईना. वाट चाचपत किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण त्यानंतर बंद जागेत शिरायचं म्हटलं की छाती भरून यायची. सांगितलं नव्हतं कुणाला. फिटर माणूस भांड्यात उतरायला भितो, हे सांगणार तरी कसं? तेव्हापासून भांड्यात उतरायच्या दिवशी ते आधी दोन घोट मारून यायचे. पुढं घोट राहिले आणि निमित्त लागेनासं झालं.

डोक्यावर आलेलं ते पांढरं छत बघून त्यांनी, भीती वाटली तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबला. दाबतच राहिले. राजनंदिनीनं फळी बाहेर काढली तेव्हा ते उठून बसले होते आणि पट्टा सोडायला बघत होते.

"मला न्हाई जमायचं," ते म्हणाले. "आत न्हाई जमायचं मला."

राजनंदिनीनं घाई केली नाही. पाणी फोटोत आडवं येतं म्हणून दिलं नाही, पण पंखा लावला. फोटो नीट यायला श्वास रोखून गप पडून राहावं लागतं, तिनं सांगितलं, धडपड केली तर सगळं पुसट येतं. हवं तर घरचं एक माणूस आत उभं राहू शकतं, मात्र अंगावर धातूचा कण नको. वैष्णवी पुढं झाली. तोवर दारात उभ्या असलेल्या झुंबरबाई म्हणाल्या, "मी जाते."

राजनंदिनीनं त्यांच्या गळ्याकडं पाहिलं आणि जरा संकोचली. झुंबरबाईंनी तिला बोलायची वेळ आणली नाही. मंगळसूत्र काढून लेकीच्या हातात दिलं, कानातलं काढलं, केसातल्या पिना काढल्या. जोडवी मात्र बोटांत रुतली होती. लग्नात घातलेली, तेव्हापासून निघालेली नव्हती. त्या बाहेरच्या बेसिनपाशी खाली बसल्या आणि साबण लावून एकेक जोडवं पिरगाळत काढायला लागल्या. बोटं लाल झाली. पोपटराव फळीवर बसून उघड्या दारातून ते बघत होते. ही बाई आपला सदरा हुंगते, आणि हीच बाई आपल्यासाठी तिथं बसून बोटं सोलून घेतेय. दोन्ही खरं होतं. ते निमूटपणे परत आडवे झाले.

दोघांच्याही कानांत बोळे घातले, पोपटरावांना वरून हेडफोनही लावला. फळी आत गेली. आता छत दिसू नये म्हणून पोपटरावांनी डोळे मिटून घेतले. आवाज सुरू झाला. कुणी पत्र्यावर हातोडा घालावा तसा, मध्येच थांबणारा, मध्येच घरघरणारा. आणि त्या सगळ्या गोंधळात त्यांच्या घोट्याभोवती एक हात होता. खरबरीत, चुलीच्या धगीनं राठ झालेला, ओळखीचा. छाती भरून यायला लागली की तो हात जरा आवळायचा. झुंबरबाईंना ते कसं कळत होतं कोण जाणे.

"श्वास घ्या," कानात राजनंदिनीचा आवाज आला. "सोडा. आता थांबा, घेऊ नका."

पोपटराव थांबले. पुन्हा घेतला, सोडला, पुन्हा थांबले. कितीदा तरी. एकदाही फुगा दाबला नाही. बाहेर आले तेव्हा झुंबरबाईंचा चेहरा तांबूस झाला होता. राजनंदिनीनं नंतर सांगितलं, काचेतून दिसत होतं, नवऱ्याचा श्वास थांबला की आजीही आपला श्वास धरून उभ्या राहायच्या.

संध्याकाळी रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं. पडद्यावर काळ्याभोर जागेत पांढरंशुभ्र काहीतरी होतं. पानं झडलेल्या झाडासारखं, वर बारीक फांद्या, खाली एक जाड खोड. हे तुमच्या पित्ताच्या नळ्यांचं चित्र, डॉक्टर म्हणाले. पित्त पांढरं दिसतं. आणि त्यांनी खोडाच्या पार बुडाशी पेनचं टोक नेलं. तिथं पांढऱ्यात एक काळा ठिपका बसला होता, वाटोळा, बुचासारखा.

पोपटरावांनी आयुष्यभर नळ्याच पाहिल्या होत्या. "हे अडलंय व्हय," ते स्वतःशीच म्हणाले.

"हेच अडलंय. खडा आहे. पित्ताशयात असे बारीक खडे आणखी आहेत, त्यातला एक घसरून नळीत अडकलाय." डॉक्टरांनी दुसरं चित्र लावलं. स्वादुपिंडाची नळी बारीक आणि सरळ होती, आसपास कुठंही गाठ दिसत नव्हती. पुण्याला घशातून दुर्बीण घालून हा खडा काढता येईल, पोट फाडायचं कारण नाही. पित्ताशय मागाहून दुर्बिणीनंच काढून टाकायचं, म्हणजे पुन्हा खडा घसरायची भीती नाही.

वैष्णवी मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. झुंबरबाई मात्र उभ्याच होत्या. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे दारूनं झालं का?"

पोपटराव जमिनीकडं बघत होते.

"नाही हो, आजी," डॉक्टर म्हणाले. "दारूचा याच्याशी संबंध नाही. असे खडे कुणालाही होतात. माझ्या आईला झाले होते. आणि यांचं लिव्हर म्हणाल, तर पित्त तुंबल्यानं त्याला ताण पडलाय, पण दारूनं खराब होतं तसलं काही मला दिसत नाही."

झुंबरबाईंनी मान हलवली. मग वैष्णवीकडून फोन मागून घेतला आणि नवऱ्यासमोरच भावाला लावला. दौंडात आहोत, यांना काविळीचं दुखणं निघालंय, खडा आहे, दुसरं काही नाही, असं सांगितलं. पलीकडून भाऊ काहीतरी बोलला असावा. "न्हाई रं," त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या. "तसलं काय बी न्हाई. डॉक्टरनं मशीनमधी बघून सांगितलंय. आन् मी सांगतीय." थोड्या वेळानं मेव्हणा स्वतः सेंटरवर आला, आणि त्या रात्री पोपटराव त्याच्या घरी जेवले. जेवले म्हणजे मऊ भाताचे चार घास, पण उंबऱ्याच्या आत बसून.

पुण्यातलं काम सुरळीत झालं. खडा निघाला, पित्ताला वाट मिळाली. दोन-तीन दिवसांत खाज इतकी कमी झाली की पोपटराव भर दुपारी घोरायला लागले. नर्सनं दोनदा येऊन बघितलं, ठीक आहे ना म्हणून. घरी सोडलं तेव्हा डोळ्यांत अजून पिवळेपणा होता. तो जायला काही आठवडे लागतील, पण आता कावीळ उतरतच जाणार, असं सांगून डॉक्टरांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतर बोलावलं.

परतताना वैष्णवीनं चौफुल्याला गाडी थांबवली आणि ती औषधाच्या दुकानात गेली. दोघं हॉटेलात बाकड्यावर बसले. पोपटरावांनी मेनूच्या फळ्याकडं पाहिलं आणि इडली सांगितली. इडली त्यांना कधी आवडली नव्हती. पण आज वास आला तर पोट ढवळलं नाही.

झुंबरबाई टेबलावर सांडलेलं पाणी बोटानं इकडं-तिकडं करत होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मी तुमचा सदरा हुंगत हुते."

"मला ठावं हाय."

"मग बोललात का न्हाई?"

"बोललो की एकदा. तुला पटलं?"

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"पटायला पायजे हुतं," त्या शेवटी म्हणाल्या.

मग पोपटरावांनी बायकोला त्या लोखंडी भांड्याची, गेलेल्या दिव्याची आणि न पोचलेल्या हाकेची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सांगताना त्यांना वाटलं होतं ती म्हणेल, हे आधी का सांगितलं नाही. ती तसं म्हणाली नाही. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, आत किती अंधार होता, हात कुठं पोचत होता, बाहेर कोण होतं. पोपटराव सांगत गेले. सांगता सांगता त्यांची इडली संपली.

"आन् दिवाळीनंतरच्या ऑपरेशनला," ते म्हणाले, "तिथं सोबत उभं राहू देत न्हाईत म्हणं."

"भूल देत्यात तवा. तुम्हाला काय कळनार हाय?" झुंबरबाई म्हणाल्या. पण लगेच त्यांचा आवाज मऊ झाला. "मी दाराशी असंन."

वैष्णवी औषधांची पिशवी घेऊन आली तेव्हा आई पोऱ्याला हाक मारून आणखी एक प्लेट इडली मागवत होती, आणि पोपटराव नाही म्हणत नव्हते.